गाणं संथ, बिल मोठं

हॉटेलात किती वेळ बसायचं, हे आपलं आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकन प्राध्यापकाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचला की ही समजूत डळमळायला लागते.

एका रेस्टॉरंटमध्ये त्यांनी काही शुक्रवार-शनिवारी संथ संगीत लावलं, मिनिटाला ७२ ठोक्यांच्या आतलं. काही रात्री ९२ च्या वरचं, चटपटीत. बाकी सगळं तेच. जलद संगीताच्या रात्री मंडळी सरासरी ४५ मिनिटांत उठली, संथ संगीताच्या रात्री ५६ मिनिटं रेंगाळली. अकरा मिनिटं जास्त! कुणी आग्रह केला नव्हता की कुणी हात धरून बसवलं नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. जेवणाचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच, पंचावन्न डॉलरच्या आसपास. पोटात मावून मावणार किती? वाढला तो बारचा खर्च. साडेएकवीस डॉलरवरून थेट साडेतीसवर!

मग सगळेच हॉटेलवाले संथ सूर का लावत नाहीत? कारण त्या रात्री बाहेर ताटकळणाऱ्यांची वाट बघण्याची वेळही ३५ मिनिटांवरून ४७ वर गेली. बारवाल्याला हे परवडतं. इडली विकणाऱ्याला कसं परवडणार? दुसरी प्लेट संपल्यावर गिऱ्हाईक नुसतं गप्पा मारत बसलं की त्याचा धंदा तिथेच अडला. बंगळुरूच्या ‘दर्शिनी’ उपाहारगृहांनी तर खुर्च्याच काढून टाकल्या. छातीशी येईल एवढं उंच टेबल, त्यावर इडली-वडा, हातात वाफाळती फिल्टर कॉफी, आणि थोड्याच वेळात माणूस परत रस्त्यावर. ‘उठा आता’ असं कुणी म्हणत नाही, ते काम आपले पायच करतात.

मुंबईच्या इराण्याची तऱ्हा वेगळी. गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, संगमरवरी टेबल, आणि एक चहा व ब्रुन मस्का यांच्या जोरावर पेपर संपेपर्यंत बसायची मुभा. पण भिंतींवर मोठाले आरसे. त्यांनी जागा ऐसपैस वाटते, शिवाय गल्ल्यावरच्या शेठला मान न वळवता पार कोपऱ्यातलं टेबलही दिसतं. ‘हे करू नका, ते करू नका’ सांगणाऱ्या पाट्या वर आहेतच.

वेटरच्या बोलण्यातही जादू असते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिलं, की वेट्रेसने ऑर्डर गिऱ्हाइकाच्याच शब्दांत परत म्हटली तर तिला जास्त टिप मिळते. आपल्या उडप्याकडचा वेटर ‘दोन सादा, एक मसाला’ म्हणून दाखवतो तो घोटाळा टाळण्यासाठी, पण आपण खूश होतो ते आपलं कुणी नीट ऐकलं म्हणून.

अर्थात या विषयातलं सगळंच डोळे झाकून मानू नये. खाण्याच्या सवयींवरच्या प्रयोगांनी गाजलेले कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक यांच्यावर २०१८ मध्ये विद्यापीठानेच गैरप्रकाराचा ठपका ठेवला, त्यांचे कितीतरी लेख मागे घेतले गेले. मिलिमनचा प्रयोगही शेवटी एकाच रेस्टॉरंटमधला.

तेव्हा पडताळा तुम्हीच घ्या. पुढच्या वेळी बसलात की घड्याळ लावून गाण्याचे ठोके मोजा. बहात्तरच्या आत भरले, तर ‘रिपीट’ सांगण्याआधी जरा थांबा.