अन्वरचा सब्र

लोणी काळभोरला सोलापूर रस्ता सोडून गावाकडे वळलं, की संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मोकळ्या जागेत पोरं खेळताना दिसतात. बहुतेक वेळा क्रिकेटच. पण कुणाकडे फुटबॉल असला, तर दोन्हीकडे चपलांचे दोन-दोन ढीग करून गोल तयार होतात. रमजानमध्ये या खेळाला एक जास्तीचा नियम लागतो. ज्याचा रोजा, त्यानं गोलमध्ये उभं राहायचं. पळापळ बाकीच्यांनी करायची. हा नियम कुणी मौलानांनी सांगितलेला नाही आणि कुठल्या कोचनेही शिकवलेला नाही. पोरांनी आपसात ठरवलेला आहे. त्यात रोजा नसलेली पोरंच जास्त काटेकोर असतात. ‘तू पळू नकोस, तुझा रोजा आहे,’ असं दटावणारा हमखास कुणीतरी गणेश किंवा रोहन असतो.

मित्राच्या उपवासासाठी खेळ जरा वळवून घ्यायचा, ही गोष्ट मोठ्या मैदानांवरही घडते. २६ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना चालू होता. रमजानचे दिवस होते. सामना सुरू झाल्यावर साधारण अर्ध्या तासानं सूर्य मावळला. पॅलेसच्या गोलरक्षकाला गोलकिक घ्यायची होती, पण तो थोडा थांबला. तेवढ्या वेळात लेस्टरचा वीस वर्षांचा फ्रेंच बचावपटू वेस्ली फोफाना आणि पॅलेसचा चेखू कुयाते यांनी मैदानाच्या कडेला जाऊन रोजा सोडला. दोन घोट घेतले आणि परत आले. सामन्यानंतर फोफानानं जाहीरपणे आभार मानले.

ती वाट मिनिटभराची होती. फोफानाच्याच वयाच्या, २००० सालीच जन्मलेल्या एका भारतीय बचावपटूला मात्र अडीच वर्षं वाट पाहावी लागली. त्याचं नाव अन्वर अली. तो रोजे किती ठेवतो, हा त्याचा आणि त्याच्या रबचा मामला. पण रमजान ज्याला सब्र म्हणतो, तो सब्र खेळाच्या मैदानावर कसा दिसतो, हे समजून घ्यायचं असेल तर त्याची सुरुवातीची वर्षं पाहावीत.

आडव्या खांबाच्या दोन गोष्टी

अन्वरचा जन्म २८ ऑगस्ट २००० चा, पंजाबातल्या जालंधर जिल्ह्यातल्या आदमपूरचा. फुटबॉल तो शिकला मिनर्व्हा अकादमीत. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही त्याचे सामने झाले. यजमान म्हणून भारताला पहिल्यांदाच फिफाच्या विश्वचषकात खेळायला मिळालं. त्या संघात मिनर्व्हात घडलेले जीक्सन सिंग आणि अन्वर होते, आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता.

भारतानं तिन्ही सामने गमावले. दिल्लीत अमेरिकेविरुद्धच्या पहिल्या सामन्यात दोन गोलांनी मागे असताना अन्वरनं मारलेला जोरदार फटका गोलच्या आडव्या खांबावर आदळून परतला. त्याच चेंडूवर अमेरिकेनं उलट चाल रचली आणि तिसरा गोल केला. एक वीतभर खाली चेंडू गेला असता तर विश्वचषकातला भारताचा पहिला गोल अन्वरच्या नावावर लागला असता. तो मान तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध जीक्सनला मिळाला.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताचा वीस वर्षांखालील संघ अर्जेंटिनासमोर उभा होता. भारत एका गोलनं पुढे होता, पण उत्तरार्धात अनिकेतला लाल कार्ड मिळालं आणि संघ दहा जणांवर आला. अशा वेळी बचावपटूंनी मागे राहून किल्ला लढवायचा असतो. ६८ व्या मिनिटाला भारताला फ्री किक मिळाली. अन्वरनं मारलेला चेंडू पुन्हा आडव्या खांबालाच लागला, पण या वेळी खालच्या बाजूला लागून आत गेला. भारतानं अर्जेंटिनाच्या त्या संघाला २-१ नं हरवलं. देशभरातल्या वर्तमानपत्रांत त्या पोरांचे फोटो छापून आले.

त्याच हंगामात मुंबई सिटीनं अन्वरला घेतलं आणि अनुभवासाठी इंडियन ॲरोज या तरुणांच्या संघाकडे आय-लीग खेळायला पाठवलं. उंची चांगली, चेंडू पायात असताना घाई नाही, आणि लांबचा पास अचूक. असा मध्यबचावपटू भारताला क्वचित मिळतो. राष्ट्रीय संघाचं दार त्याच्यासाठी उघडायला आलं होतं.

तपासणीचा कागद

२०१९ मध्ये, जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना, वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयात दोष सापडला. ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी’ असं त्या आजाराचं नाव. सोप्या भाषेत, हृदयाच्या स्नायूची भिंत असायला हवी त्यापेक्षा जाड होते. अन्वरच्या बाबतीत ही जाडी हृदयाच्या टोकाशी होती. पुढच्या तपासण्या फ्रान्समध्येही झाल्या. स्पर्धात्मक फुटबॉल थांबवावं, असा सल्ला मिळाला आणि मुंबई सिटीबरोबरचा प्रवास तिथंच संपला.

हा आजार फार दुर्मीळ नाही. साधारण पाचशे माणसांत एकाला तो असू शकतो, असं डॉक्टर सांगतात. अनेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. पण तरुण खेळाडू मैदानावर अचानक कोसळून दगावण्याच्या कारणांमध्ये हा आजार वरच्या रांगेत असतो. २००३ मध्ये कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए कॉन्फेडरेशन्स कपच्या सामन्यात कोसळला आणि गेला, त्याचं हृदयही असंच जाड झालेलं होतं. आपल्याकडची आठवण तर आणखी जवळची आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर यानं मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो तिथंच कोसळला. डेम्पोनं कप जिंकला, पण त्यांचा खेळाडू परत आला नाही.

म्हणून २०२० मध्ये अन्वरनं कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगकडून नवी सुरुवात करायचं ठरवलं, तेव्हा भारतीय फुटबॉल महासंघानं त्या क्लबला पत्र पाठवून त्याला सरावापासून दूर ठेवायला सांगितलं. यावर चिडणं सोपं आहे. पण पत्र लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंगळुरूची ती संध्याकाळ असणार, हेही विसरून चालत नाही. एका बाजूला वीस वर्षांच्या मुलाचं काम, कमाई आणि स्वप्न, तर दुसऱ्या बाजूला त्याचा जीव. या भांडणात कुणीही खलनायक नव्हता, आणि म्हणूनच ते अवघड होतं.

सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे

रोज्याबद्दल आपल्या गावात एक गैरसमज नेहमी भेटतो. काहीही झालं तरी रोजा सोडायचाच नाही, असा धर्माचा हट्ट आहे, असं अनेकांना वाटतं. काही मुस्लिम घरांतही असं वाटतं. प्रत्यक्षात कुरआनमध्ये रमजानच्या रोज्यांचा हुकूम ज्या ठिकाणी आला आहे, त्याच ठिकाणी आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूटही आली आहे. बरं वाटल्यावर राहिलेले रोजे नंतर ठेवावेत. ज्याला कधीच जमणार नाही, त्यानं रोजा न ठेवता गरिबाला जेवू घालावं, त्याला फिदया म्हणतात. जीव धोक्यात असेल तर ठेवलेला रोजाही सोडायचा असतो. कारण शरीर ही आपली मालमत्ता नाही, ती अमानत आहे, म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं सांभाळायला दिलेली ठेव.

पण सूट मिळालेला माणूस जमातीतून बाद होत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांना डॉक्टरांनी रोजा मना केलेला असतो. तरी ते सहेरीला उठतात, घरच्यांना जागं करतात, इफ्तारच्या दस्तरखानावर सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. ‘या वर्षी तुम्हाला नाही,’ असं म्हणणं वेगळं आणि ‘तुम्ही आता आमच्यातले नाही,’ असं म्हणणं वेगळं. एकोणिसाव्या वर्षी ज्या मुलाचं काम थांबतं, त्याला या दोन वाक्यांतला फरक कुणीतरी समजावून सांगावा लागतो.

अन्वरनं काय केलं? तो तपासणीचा कागद लपवून कुठल्या लहान स्पर्धेत गुपचूप उतरला नाही. आणि ‘नशिबात नव्हतं’ म्हणून घरीही बसला नाही. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आपल्या बाबतीतला निर्णय आपलं म्हणणं ऐकून, नीट तपासून व्हावा, एवढीच त्याची लढाई होती. प्रश्न डॉक्टरांच्या समितीपुढे गेला. महिने गेले. अखेर २०२१ मध्ये वाट मोकळी झाली आणि तो दिल्ली एफसी या संघाकडून पुन्हा खेळू लागला.

त्याच वर्षी जगानं दुसरं एक हृदय थांबलेलं पाहिलं. १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेत डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं, डॉक्टरांनी त्याला परत आणलं. त्याचा आजार वेगळा, परिस्थिती वेगळी. छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवून तो फेब्रुवारी २०२२ मध्ये इंग्लंडच्या ब्रेंटफर्डकडून पुन्हा खेळला. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारी २०२२ मध्ये, एफसी गोवानं अन्वरला आपल्या संघात घेतलं होतं. ज्या गोव्यानं क्रिस्तियानो ज्युनिअर गमावला होता, त्याच गोव्यात या मुलाला मोठ्या फुटबॉलचं दार पुन्हा उघडलं. करोनामुळे तो हंगाम गोव्यातच, बहुतांशी रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवला गेला. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. इतकी वर्षं थांबलेल्याला त्याचं काय!

पुढचं सगळं झपाट्यानं घडलं. मार्च २०२२ मध्ये, रमजान सुरू होण्याच्या थोडे दिवस आधी, बहरीनमध्ये त्यानं भारताची निळी जर्सी घातली. १४ जूनला कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला त्यानं भारतासाठी पहिला गोल केला. भारत ४-० नं जिंकला. आणि २०२५ मध्ये, वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ताजिकिस्तानविरुद्ध पाचव्या मिनिटाला त्याच्या हेडरनं भारताचं खातं उघडलं. मुंबईच्या मैदानांवर खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून वर्षं काढलेल्या खालिद जमील यांचा भारताचे प्रशिक्षक म्हणून तो पहिला सामना. भारत २-१ नं जिंकला.

आपल्या पोरांसाठी

या गोष्टीतून ‘डॉक्टरांचं ऐकू नका, जिद्द धरा’ असा धडा कुणी काढला तर तो उलटा धडा होईल. अन्वर परतला तो तपासण्यांना आणि डॉक्टरांना सामोरा जाऊन. त्याच आजाराच्या दुसऱ्या खेळाडूला वेगळं उत्तर मिळू शकतं, आणि तेही तितकंच मानाचं उत्तर असेल.

लोणीत, उरुळीत, हडपसरला पोरं क्रिकेट, कबड्डी, कुस्ती, फुटबॉल खेळतात. खेळताना कुणी बेशुद्ध पडलं, छातीत दुखलं, विनाकारण धडधड वाढली, इतरांपेक्षा लवकर धाप लागली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर ‘ऊन लागलं असेल’ किंवा ‘रोज्यामुळे चक्कर आली असेल’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी आणि गरज पडल्यास टू-डी इको करून घ्यावा. रमजानमध्ये तर आणखी सावध राहावं, कारण या दिवसांत अशक्तपणाचं खापर रोज्यावर फोडणं फार सोपं असतं.

मैदानावर उन्हं कलतात. थोड्या वेळात मशिदीतून अजान होईल. गोलमध्ये उभा असलेला रोजेदार मुलगा हातमोजे काढून दुसऱ्याकडे देतो आणि घराकडे पळतो. खजूर, पाणी, दोन भजी, मगरिबची नमाज. तोवर बाकीची पोरं अंधार पडेपर्यंत खेळत राहतात. उद्या तो पुन्हा गोलमध्ये असेल आणि ईदनंतर पुन्हा मधल्या फळीत. त्याची जागा कुणी घेतलेली नसते. मित्रांनी ती राखून ठेवलेली असते.