विरळ हवा आणि जुनी मोटार

भिलाईच्या सेक्टर २ मधील श्रोत्यांना कार्बन मोनॉक्साइडची ओळख करून द्यावयास नको. जवळच्याच पोलाद कारखान्यातील झोतभट्टीत अपुऱ्या ज्वलनातून हा वायू उत्पन्न होतो, लोहखनिजातील ऑक्सिजन हिरावून घेतो आणि लोखंड मोकळे करतो. मोटारीच्या धुरातून मात्र तो विष होऊन बाहेर पडतो. त्याला ना रंग, ना वास.

एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. भिलाईची उंची जेमतेम ३०० मीटर. तेथे हा हिशेब फारसा बिघडत नाही. साडेतीन हजार मीटरवरील लेहला मात्र हवेचा दाब सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. पेट्रोलचे माप तेच राहिले, तर ते अर्धवट जळते, इंजिनाचा जोर ओसरतो आणि विषारी वायू वाढतो.

१९६९ च्या पोर्शे ९११ एस या शर्यती थाटाच्या मोटारीत बॉशचा यांत्रिक इंधनपंप होता. त्यातील योजना मोठी मार्मिक! हवाबंद धातूची एक डबी. बाहेरचा दाब घटला की ती फुगते आणि पेट्रोल आवळते. जुनी डबी गळू लागली की पंपाला उंची कळेनाशी होते. मग एखादा उत्साही मालक डोंगरावरच पेट्रोल हाताने कमी करून घेतो. मैदानात उतरल्यावर तेच माप तोकडे पडते. इंजिन तापते, प्रसंगी पिस्टनही जळतो. दुरुस्ती हवी असते ती डबीची.