वर विमान, खाली बाटली

२०१५-१६च्या हिवाळ्यात इस्रोच्या बी-२०० विमानात नासाचा आविरिस-एनजी हा वर्णपटमापक बसवून देशात ठिकठिकाणी उड्डाणं झाली. ओडिशातलं चिलिका सरोवरही त्यात होतं. अशा मोहिमेत होडीवरच्या तुकडीचा दिवस साधारण असा जातो.

पहाटे ५. सरोवराकाठच्या सातपाड्याचा धक्का. पहिली चौकशी ढगांची, मग चहाची. कपडे गडदच हवेत. पांढऱ्या शर्टाचा उजेड पाण्यावर पडला तरी मापन बिघडतं.

८. ठरलेल्या जागी इंजिन बंद. सरोवर इतकं उथळ की पंख्यानं गाळ ढवळला जातो. तो खाली बसेपर्यंत नुसतं बसायचं.

९. सूर्य ३० अंशांवर आला. डिसेंबरात इथे तो माध्यान्हीही ४७ अंशांच्या फारसा वर जात नाही, त्यामुळे अडीचपर्यंत काम चालतं. मे महिन्यात भर दुपारी नुसती चकाकीच मोजली गेली असती.

१०. उजेड मोजायचा: आधी करड्या संदर्भपट्टीचा, मग पाण्याचा, मग आकाशाचा. सूर्याच्या दिशेपासून १३५ अंश वळून, उभ्या रेषेशी ४० अंशांचा कोन धरून. होडीची सावली टाळून. तेवढ्यात विमान वरून जातं. यंत्र आठ किलोमीटरवरून आठ मीटरचा एकेक चौकोन पाच-पाच नॅनोमीटरच्या पट्ट्यांत टिपतं. पण त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडात पाण्याचा वाटा जेमतेम एक दशांश, बाकी सगळी हवा. ती वजा करताना थोडं चुकलं तरी हरितद्रव्याचा आकडा कुठल्या कुठे जातो. आमची होडी त्यासाठीच.

११ ते २. उत्तरेला महानदीच्या फाट्यांचा गाळ. पाण्याचा गढूळपणा मोजणारी सेक्की तबकडी सोडली की लगेच दिसेनाशी होते. मध्ये पाणगवत. तिथे वरून दिसणारा हिरवा रंग पाण्याचा नसून तळाचा असतो. माझ्या मते वहीतली सगळ्यात मोलाची नोंद ‘तळ दिसतो’ हीच.

३. मंद उजेडात ०.७ मायक्रॉनच्या कागदातून पाणी गाळणं. गढूळ पाणी कागद तुंबवतं, आणि उभ्या उभ्या पाय भरून येतात. गाळलेले कागद द्रव नायट्रोजनमध्ये.

रात्री ८. होडीवरच्या नोंदींच्या आणि विमानाच्या वेळा जुळवणं. गाळ, हरितद्रव्य, कुजलेल्या पाल्याचा पिवळसर रंग यांचे नकाशे पुढे होतील. नायट्रेट आणि आजार पसरवणारे जिवाणू पाण्याला रंग देत नाहीत, म्हणून विमानालाही ते दिसत नाहीत. तरी त्यांचा नकाशा कुणीतरी मागतंच. त्यांच्यासाठी वेगळ्या बाटल्या भरल्यात, उद्या प्रयोगशाळेत जातील.