मिलिमीटरभर खोलीचा हिशेब

वन टू वनला, म्हणजे किडा जेवढा तेवढंच त्याचं चित्र सेन्सरवर पडत असताना, फुल फ्रेम कॅमेऱ्यात एफ/8 ला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग शार्प येतो. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन टपोरे डोळे त्यात बसतात. मागचं पोट धूसर होतं. एफ/2.8 ला तर मिलिमीटरचा तिसरा हिस्साच पदरात पडतो.

मग बोट आपसूक अपर्चरच्या चाकाकडे जातं. एफ/16, एफ/22, जमलं तर एफ/32. खोली वाढतेच, आकडा दुप्पट केला की तीही दुप्पट. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी संगणकावर पूर्ण आकारात उघडला की कोळ्याच्या डोक्यावरची लव एकमेकींत मिसळलेली दिसते. फोकस बरोबर असतो, हातही हललेला नसतो. हा प्रताप विवर्तनाचा.

छोट्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बिंदूच्या जागी बारीक तबकडी उमटते. जॉर्ज एअरी या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने तिचं गणित 1835 मध्ये मांडलं, तेही दुर्बिणीच्या भिंगासाठी. मॅक्रोवाल्यांची गोम पुढेच आहे. जवळच्या फोकसला लेन्सवरचा आकडा खरा राहत नाही. साध्या गणिताने वन टू वनला एफ/16 हा एफ/32 सारखा वागतो. निकॉनचे कॅमेरे त्यांच्या मॅक्रो लेन्सवर हा बदललेला आकडा दाखवतात, कॅननचे मूळचाच. त्यामुळे दोन मित्र ‘एफ/16 ला काढला’ म्हणून हुज्जत घालतात तेव्हा दोघांचं एफ/16 एकच असेल असं नाही. एफ/32 ची तबकडी हिरव्या प्रकाशात सुमारे 43 मायक्रॉनची, आणि 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल साधारण 6 मायक्रॉनचा. म्हणजे एका तबकडीच्या रुंदीत सात पिक्सेल. तिथे सेन्सर कितीही महागडा घ्या, तपशील वाढत नाही.

माझ्या मते वन टू वनच्या आसपास लेन्सवरच्या एफ/8 ते एफ/11 वर थांबावं आणि उरलेलं काम कोनावर सोपवावं. हळदीकुंकू फुलपाखरू पंख मिटून बसलं की पिवळ्यावर लाल ठिपक्यांची सगळी नक्षी एका पातळीत येते. सेन्सर त्या पंखाला समांतर धरला की एफ/8 सुद्धा भरपूर होतं. पण कॅमेरा पाचच अंश तिरपा झाला, तर चार सेंटिमीटरच्या पंखाच्या दोन टोकांच्या अंतरात साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि एक टोक हातचं जातं. बाजूने पाहून आधी कॅमेऱ्याची पाठ आणि पंख जुळवून घ्यावेत, बटणांचं नंतर बघावं. कोळी किंवा चतुर समोरून टिपताना असं जुळवायला काही नसतं. तिथे डोळे शार्प ठेवावेत आणि बाकीचं खुशाल धूसर जाऊ द्यावं.

खरी पंचाईत कासच्या पठारावरचा दवबिंदू करतो. या कीटकभक्षी रोपट्याचे चिकट थेंबांचे तंतू चहूबाजूंना फुटलेले, समांतर धरायचं तरी कशाला? इथे फोकस स्टॅकिंग लागतं: अपर्चर एफ/5.6 सारखं मोकळं ठेवून फोकस केसभर पुढे सरकवत फ्रेम काढायच्या आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरमध्ये त्यातले शार्प भाग जोडायचे. खोलीही मिळते आणि विवर्तनही आटोक्यात राहतं. फुलांच्या हंगामात पठारावर वारा मात्र हटत नाही. फ्लॅश एकेका फ्रेममधली हालचाल गोठवतो, पण दोन फ्रेमच्या मध्ये हललेली काडी त्याला जागेवर आणता येत नाही. शिवाय ट्रायपॉडचा पाय शेजारच्या ‘सीतेची आसवं’ या फुलांवर रोवून काढलेला फोटो कितीही शार्प असला तरी मला नको.

तंतू एकमेकांवरून जातात तिथे सॉफ्टवेअरही गडबडतं: कडांभोवती फिकट वलयं उमटतात, एखादा थेंब दोनदा दिसतो. मग मूळ फ्रेममधला तेवढाच तुकडा हाताने पुन्हा रंगवून घ्यावा लागतो, आणि एका इवल्याशा पानापायी अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून वारा असेल तेव्हा मी तीन-चार फ्रेमवरच भागवतो: कीटक अडकलेला तंतू आणि त्याच्या आजूबाजूचे दोन-चार थेंब शार्प आले की पुरे.