कॅबिनेट घेण्यापूर्वी कार्ड मोजावे

तासगाव ही बेदाण्याची पेठ. सौदा, वजन, बिल आणि हिशेब यांसाठी पेढीवर संगणक आला, की गादीजवळ कमी जागा व्यापणारे लहान कॅबिनेट घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इलेक्ट्रॉनिक वजनकाटा संगणकाला जोडण्यासाठी बहुधा जुन्या पद्धतीचे सिरियल पोर्ट लागते. नव्या मदरबोर्डच्या मागील बाजूस ते अनेकदा नसते. मग स्वतंत्र कार्ड बसवावे लागते, आणि ते कॅबिनेटमध्ये मावले नाही तर खर्च वाया जातो.

म्हणून तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, कार्डाच्या टोकाची धातूची पट्टी. पूर्ण उंचीची पट्टी सुमारे १२० मिलिमीटर, तर आखूड पट्टी सुमारे ८० मिलिमीटर असते. बारीक कॅबिनेटमध्ये बहुधा आखूडच बसते. कार्डाच्या खोक्यात ती आहे याची खात्री करावी. दुसरी, मदरबोर्ड. १७ सेंटिमीटर चौरस मिनी-आयटीएक्सवर कार्डासाठी एकच स्लॉट असतो. सुमारे २४ सेंटिमीटरच्या मायक्रो-एटीएक्सवर चारपर्यंत मिळू शकतात. तिसरी, कॅबिनेटची मागील बाजू. अगदी छोट्या कॅबिनेटला कार्डासाठी खाचच नसते.

केवळ काट्यासाठीच पोर्ट हवे असेल, तर यूएसबीला जोडावयाची सिरियल केबलही पुरेशी ठरू शकते. काटा पुरविणाऱ्यास आधी विचारावे. अन्यथा प्रथम कार्ड, मग मदरबोर्ड आणि शेवटी कॅबिनेट ठरवावे. न बसल्यास परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी.