फवारणीचं औषध कुठं ठेवता?

यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव. वेचणी ऐन भरात आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य पथकाची जीप आठ वाजताच समाजमंदिरापुढे लागते. दहानंतर गावात माणूस सापडत नाही. दारावर फलक फक्त ‘आरोग्य तपासणी’चा. आधी रक्तदाब, साखर, मग आतल्या खोलीत समुपदेशक बाई. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आत कोण कशासाठी गेलं, हे ओट्यावरच्यांना कळत नाही.

2015 साली विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठीचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून कुणाच्या घरी नापिकी, कुणाचं कर्ज थकलंय, हे हेरण्याचं काम आशाताईंकडे आहे. आज त्या एका पन्नाशीच्या शेतकऱ्याला जवळजवळ हाताला धरूनच आणतात. मी थांबलं तर चालेल का, असं बाई त्यांना विचारतात. “बसू द्या जी.”

“मले काही नाही. झोप तेवढी लागत नाही. डोकं जड राह्यते.”

बाई सोयाबीनचं विचारतात, बोंडअळीचं, पोरीच्या कॉलेजचं. मग त्याच आवाजात, “भाऊ, जीव द्यावा असं मनात येतं का?”

बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटं ते पायजम्यावर घासत राहतात. “येते. रातच्यानं लय येते.”

असं विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. विचारल्यावर ते बोलायलाच लागतात. सावकार, जावई, वाळलेली विहीर.

“फवारणीचं औषध कुठं ठेवता?”

“खाटंखाली.”

त्यांना विचारूनच धाकट्या भावाला बोलावलं जातं. डबे आजच त्याच्या घरी, कुलपात, किल्ली त्याच्यापाशी. बाहेर डॉक्टर तपासतील, दोन दिवसांनी आशाताई घरी जातील. बाई टेलि-मानसचा 14416 हा क्रमांकही त्यांच्या मोबाइलमध्ये भरून देतात. सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते. पण दोन खोल्यांत सात माणसं राहत असतील, तर असलं बोलायला आडोसा कुठून आणायचा? म्हणून जीप गावात यायलाच हवी, आणि महिन्यातून एकदा येऊन भागणार नाही.

“कर्जाचं तर तुमच्या हातात नाही ना?” उठता उठता ते विचारतात.

“नाही,” बाई म्हणतात. “पण बँकेत तुमच्यासोबत आमचे समाजसेवक येतील. सोमवारी जमेल?”

“सोमवारी बाजार राह्यते. मंगळवारी जमते.”