पुंगळी कापायची, पण मोजायची कुठून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेलं "अं... म्हणजे" गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय जरा आडवळणाचा आहे. माझा आतेभाऊ टेक्सासला असतो. दादा तिथे हरणाच्या सीझनला मित्रांबरोबर शिकारीला जातो, त्याच्याकडे .३०८ विंचेस्टरची रायफल आहे. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "यातला कोणता केस ट्रिमर घेऊ? तू इंजिनिअर ना?" मी कोड लिहितो, पण आमच्या नात्यात बीटेक झालेल्याला मोटरपंपापासून मिक्सरपर्यंत सगळं विचारतात, त्यातलंच हे.

आधी पाया. काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात प्रायमर, पोटात दारू, तोंडात गोळी. बार झाला की प्रायमर, दारू, गोळी गेली. उरते पुंगळी, आणि चारांत महाग तीच. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी ती घरी पुन्हा भरायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही, म्हणून तिथे हा मोठा छंद आहे.

बार होताना पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला चिकटते. पुन्हा वापरायची तर तिला डायमध्ये दाबून मूळ मापात आणावं लागतं. आता कणकेचा गोळा मुठीत घट्ट दाबा. कणीक कुठून बाहेर येते? वरून. पितळेचं तेच होतं, ते मानेकडे सरकतं आणि पुंगळी लांब होते. .३०८ साठी जास्तीत जास्त लांबी ५१.१८ मिलिमीटर आणि कापून आणायची लांबी ५०.९३. म्हणजे सगळा खेळ पाव मिलिमीटरचा.

पाव मिलिमीटरने काय बिघडतं? चेंबरमध्ये मानेसाठी ठरावीकच जागा असते. पुंगळी त्याहून लांब झाली की तिचं तोंड पुढच्या कडेत घुसून गोळीला आवळून धरतं. गोळी वेळेवर सुटत नाही, आतला दाब भलताच चढतो. रायफल फुटू शकते, आणि ती त्या वेळी गालाला लावलेली असते. म्हणून ट्रिमर ही हौसेची नाही, सुरक्षेची वस्तू आहे.

आता निवड. दादाचे फोटो घेऊन मी चांदवडला हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथले टर्नर काका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे शाफ्ट आणि बुश करतात. फोटो बघून म्हणाले, "हे तर फेसिंग आहे रे." लेथवर जॉबचं तोंड सपाट काढतात, ते फेसिंग. आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो यूट्यूबच्या एकाही रिव्ह्यूमध्ये मला सापडला नव्हता: "माप कुठून धरतो हा? बुडातून का मधून?"

बस, निवडीचं सगळं सूत्र यात आहे. मोटर आहे का, रंग कोणता, स्टार किती, हे नंतर.

पहिला फोटो लीचा. सगळ्यात स्वस्त आणि दिसायला किरकोळ. एक लांब पिन पुंगळीच्या तोंडातून आत जाते, बुडाच्या छिद्रातून आरपार निघते आणि खालच्या पकडीला टेकते. पिन टेकली की कटर पुढे जाऊच शकत नाही. माप थेट बुडापासून, लांबी कारखान्यात ठरलेली, तुम्ही काही बिघडवू शकत नाही. तोटा एवढाच, की प्रत्येक कॅलिबरला वेगळी पिन लागते आणि लांबी मनासारखी बदलता येत नाही.

दुसरा छोट्या लेथसारखा. लायमन, आरसीबीएस, फॉर्स्टर यांचे असे येतात. एका बाजूला कॉलेट पुंगळीची कड पकडतो, दुसरीकडून कटर येतो, मानेत पायलट शिरतो. पायलट बदलला की दुसरं कॅलिबर, स्क्रू फिरवला की दुसरी लांबी. पण कडेच्या जाडीत आणि व्यासात फरक असतो, विशेषतः वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या एकत्र असतील तर. कॉलेट आवळताना एक पुंगळी जरा जास्त मागे ओढली जाते, एक कमी, आणि लांबी डगमगते. काका म्हणाले, "चक नीट पकडत नसेल तर मशीन कितीही भारी घे." विल्सनचा ट्रिमर ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवतो: पुंगळीचं अंग निमुळतं असतं, त्याच मापाच्या नळीत तो ती अडकवतो. त्यामुळे तोंड काटकोनात कापलं जातं, आणि थांबायचा स्क्रू बुडाला टेकतो. हळू चालतं, पण मला मनापासून आवडलेलं डिझाइन हेच.

तिसरा मोटरवर किंवा ड्रिलवर चालणारा. पुंगळी हातात धरून आत ढकलायची, दोन-तीन सेकंदांत काम. जिरोडचं मशीन तर कापणं आणि आतली-बाहेरची बर काढणं एकाच दमात करतं. वर्षाला हजारो काडतुसं उडवणाऱ्याला हेच परवडतं. पण इथे माप खांद्यापासून धरलं जातं, म्हणजे पुंगळी जिथे निमुळती होऊन मान सुरू होते तिथून. डायमध्ये दाबायच्या आधीच कापली, तर प्रत्येकीचा खांदा वेगळ्या जागी आणि लांबीही वेगळी. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना कळेल: मोजणीची सुरुवातच हलती असेल तर उत्तर बरोबर येणार कसं? म्हणून क्रम पक्का: आधी डाय, मग व्हर्निअर, मग ट्रिमर. शेवटी आतून चॅम्फर आणि बाहेरून बर साफ, नाहीतर गोळी बसवताना तिच्यावर ओरखडे येतात.

दादाला मी विचारलं, पुंगळ्या किती? साठ. कॅलिबर? एकच. मग लीचा घे आणि उरलेल्या पैशांत चांगला डिजिटल व्हर्निअर घे. व्हर्निअर नसेल तर महागडा ट्रिमरही आंधळाच.

अजून एक सांगितलं, ते ट्रिमरपेक्षा महत्त्वाचं. मानेकडे आलेलं पितळ आभाळातून पडत नाही, ते खालून येतं. दर वेळी कापतोय म्हणजे बुडाच्या थोडं वर पुंगळी आतून पातळ होतेय. तिथे चकचकीत रेघ दिसली, किंवा टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवताना खाच लागली, तर पुंगळी भंगारात. ती पुढच्या बाराला दोन तुकडे होऊ शकते.

इथपर्यंत सगळं टेक्सासचं. पण दादा दिवाळीला येणार होता, आणि आमच्या मामांच्या कानावर हे गेलं. मामा मळ्यात राहतात, त्यांच्याकडे परवान्याची ३१५ बोर रायफल आहे. त्यांनी फोनच केला: "त्याला म्हणावं, येताना मला पण एक आण. डबाभर पुंगळ्या पडल्यात."

मंडळी, हे करू नका. मी वकील नाही, पण आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ वाचायला वकील लागत नाही. त्याच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या आहे. तिच्यात नुसतं भरलेलं काडतूस येत नाही, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे ज्याला आपण अवजार म्हणतो तेच कायद्याच्या भाषेत दारूगोळा ठरू शकतं. कलम १० प्रमाणे दारूगोळा देशात आणायला परवाना लागतो. कलम ५ प्रमाणे बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि तो मोडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. मामांचा परवाना रायफल बाळगायचा आहे. काडतुसं किती घ्यायची तेही त्यावर लिहिलेलं आहे. काडतूस बनवायची मुभा त्यात नाही.

मामा म्हणाले, "अरे, लोक शोकेसमध्ये पुंगळ्या ठेवतात की!" खरंय, आणि त्याची सोय कलम ४५ मध्ये आहे. किरकोळ सुटे भाग जवळ असले आणि ते जोडीच्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसला तर सूट मिळते. पण मामा, तुमच्याकडे रायफल, पुंगळ्यांचा डबा आणि वर ट्रिमर. इरादा नाही हे कुणाला पटवणार? शोकेसवाल्याला वाचवणारं वाक्य तुम्हाला अडकवेल.

काही जणांनी विचारलं, मग आपले नेमबाज काय करतात? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, तो प्रकार .२२ चा. या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो, पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन कडेवर आपटते. त्यामुळे ते पुन्हा भरायच्या कामाचंच नाही. नेमबाजी शिकायची म्हणून ट्रिमर शोधत असाल तर शोध इथेच थांबवा. आणि मोठी काडतुसं कशी बनतात याचं कुतूहल असेल तर खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांबद्दल वाचा. आपल्याच राज्यात आहेत.

दादाने लीचा ट्रिमर घेतला. साठपैकी चौदा पुंगळ्या लांब निघाल्या, दोनांवर ती रेघ दिसली, त्या त्याने पकडीने चेपून टाकल्या. दिवाळीला येताना ट्रिमर तिकडेच ठेवला आणि मामांसाठी व्हर्निअर आणला. मामा आधी रुसले. आता खळ्यावर बसून कांदा मोजतात, कारण एक्स्पोर्टवाला ४५ मिलिमीटरच्या वरचा माल मागतो.